ताटातल्या कांद्याचं गाव

वाचकाचं पत्र

मी इंदिरानगरला राहते, एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करते. मुलगी सहावीत आहे. तिला शाळेतून प्रकल्प मिळाला आहे: घरातल्या एका दिवसाच्या जेवणातला प्रत्येक जिन्नस कुठून आला, ते तक्त्यात लिहून आणा. आम्ही दोघी बसलो आणि सगळ्या रकान्यांत 'किराणा दुकान' नाहीतर 'मॉल' एवढंच लिहून झालं. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही दिंडोरी तालुक्यातलं. तिथली जमीन विकून आम्ही शहरात आलो. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्यावेळी हे विचारावं लागत नव्हतं," आणि उठून आत गेल्या. तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही. त्यात मोबाइलवर रोज भेसळीचे व्हिडिओ येतात. ते पाहून घास घशाखाली उतरत नाही. सगळं सेंद्रिय घ्यायचं म्हटलं तर आमच्या पगारात बसत नाही. मिस्टर म्हणतात, एवढा विचार करत बसलीस तर एक दिवस जेवणच सोडशील. मी सुरुवात कुठून करू?
एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी वाचलं तेव्हा श्रावणी सोमवार होता आणि ओट्यावर माझा साबुदाणा भिजत होता. पत्र बाजूला ठेवलं आणि आधी साबुदाण्याचं पाकीट उलटून पाहिलं. सेलम, तमिळनाडू. टॅपिओकाचं कंद तिकडे पिकतं, त्याच्या सत्त्वाचे गोळे होतात आणि हजार किलोमीटरपेक्षा जास्त वाट तुडवून ते माझ्या उपासाला येतात. शेजारच्या डब्यात भगर होती. तिची वरई पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारावर पिकते आणि ती भरडणाऱ्या गिरण्या इथे नाशिकमध्येच आहेत. कित्येक वर्षं हे दोन डबे माझ्या फळीवर एकमेकांना चिकटून उभे आहेत. एक परराज्यातला, एक शेजारच्या तालुक्यातला. मला दोघांची चव माहीत होती, गाव एकाचंही माहीत नव्हतं.

म्हणून त्या रात्री तुमच्या मुलीसारखा तक्ता मीही करायला घेतला. हळद सांगलीकडची निघाली, ते पाकिटावरच होतं. मिरची मी नंदुरबारची घेते, तीही कळली. तुरीला अडले. आपल्याकडे लातूर आणि विदर्भाची तूर येते, पण देशाला ती पुरत नाही म्हणून म्यानमार, मोझांबिक, टांझानियातूनही येते आणि सुट्या डाळीच्या पोत्यात कुठली आहे ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची असू शकते. तेलाचं तर मला वाईटच वाटलं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनचं. घरात मी शेंगदाण्याचं तेल वापरते, पण फरसाणाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली तेव्हा तिथे पामोलिन होतं. साधं वरणभात-पोळी-भाजीचं जेवण, आणि त्याच्याभोवती एवढी मोठी दुनिया. हे पाहून तुम्हाला दडपण येत असेल, तर ते साहजिक आहे.

तरी आधी एक गोष्ट बाजूला काढू या. तुमच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अन्न कुठून येतं हे जाणून घेण्याची ओढ ही एक, आणि अन्नाची भीती ही दुसरी. भीती त्या व्हिडिओंनी घातली आहे. प्लास्टिकच्या तांदळाचंच घ्या. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून कितीतरी घरांत बाया ते वेचून टाकतात. ते प्लास्टिक नसतं. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-बारा घालून केलेले पोषणयुक्त दाणे असतात, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळलेले. ज्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे त्यांच्यासाठी घातलेली गोष्ट आया भीतीपोटी उकिरड्यावर टाकतात, हे मला फार लागतं. भेसळ होत नाही असं मी म्हणत नाही. ती होते आणि तिच्याविरुद्ध तक्रारही करावी. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी ते वापरलं जातं. पण ज्याला आपल्या जिन्नसाचा ठावठिकाणा माहीत नसतो, त्याला कोणीही कशाचीही भीती घालू शकतं. म्हणून म्हणते, व्हिडिओ बंद करा आणि तक्ता चालू ठेवा.

सुरुवात कुठून करायची विचारता, तर कांद्यापासून करा. तो तुमच्या टोपलीत आजही आहे आणि त्याचं गाव तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे.

माझं बालपण निफाड तालुक्यात गेलं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. आत्ता श्रावणात तुम्ही जो कांदा चिरता, तो आज-कालचा नाही. तो उन्हाळ कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचं रोप टाकतात, डिसेंबर-जानेवारीत शेतात लागवड होते, मार्च-एप्रिलच्या उन्हात काढणी. मग तो चाळीत जातो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, खालून आणि बाजूंनी वारा खेळेल अशी लांबट खोली. पाऊस सुरू झाला की आई सकाळी चाळीचं दार उघडायची आणि आत पाऊल टाकण्याआधी नुसती उभी राहून वास घ्यायची. कुठल्या कोपऱ्यात सड लागली हे तिला वासावरून कळायचं. मग आम्ही भावंडं निवडायला बसायचो. कांदा हातात घेऊन अंगठ्याने मान दाबायची. कडक लागली तर डावीकडे, मऊ लागली तर उजवीकडे. काजळी धरलेल्या कांद्याची काळी भुकटी बोटांच्या रेषांत जाऊन बसायची आणि शाळेत वहीवर तिचे ठसे उमटायचे. एक सडका कांदा राहिला तर आठवड्यात भोवतीचे दहा खराब करतो, म्हणून ते काम घाईने करता येत नाही. तुमच्या टोपलीतला प्रत्येक कांदा असा कोणाच्या तरी अंगठ्याखालून दोन-तीनदा गेलेला असतो.

नंतर ट्रॅक्टर लासलगावला नाहीतर पिंपळगावला. व्यापारी ट्रॉलीतला मूठभर माल बघतात, बोली लागते, आणि चार-पाच महिने सांभाळलेल्या कांद्याचा भाव मिनिटाभरात ठरतो. तो भाव फक्त कांद्याच्या गुणावर ठरत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद झाली आणि ती 4 मे 2024 ला उघडली. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. त्याच दिवसांत शहरात कांदा आवाक्यात आला म्हणून समाधान होतं. मी त्या वेळी शहरातल्या बाजूला होते, पिशवी घेऊन उभी. मलाही स्वस्त कांदा बरा वाटला, आणि त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना. कांद्याचं गाव माहीत असलं की हे होतं. भाव वाढला तरी आणि पडला तरी दुसरी बाजू डोळ्यांसमोर येते. तुमच्या मुलीने रकान्यात 'निफाड तालुका' लिहिलं तर त्याच्यापुढे एवढंही लिहू द्या: उन्हाळ कांदा, एप्रिलमध्ये काढलेला, चाळीत राखलेला.

आता द्राक्षांचं सांगते, कारण तुम्हाला ज्याची काळजी वाटते त्या औषधफवारणीचा खरा धडा आपल्या जिल्ह्याला द्राक्षांनी शिकवला. 2010 साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. कंटेनर अडकले. माझ्या काकांचा मालही त्यात होता. ज्या निर्यातदाराने माल नेला होता त्याने पैसे थकवले आणि काकांना गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज फेडायला दोन हंगाम लागले. त्यानंतर काकांच्या बागेत गेलं की एक जाडजूड वही दिसायची. कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती लिटर पाण्यात, काढणीला किती दिवस बाकी. आज निर्यातीची बाग आधी नोंदवावी लागते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि पेटीवरच्या क्रमांकावरून ती द्राक्षं कुठल्या प्लॉटची, इथपर्यंत माग काढता येतो. रॉटरडॅमच्या बंदरात उतरलेल्या पेटीला दिंडोरीतल्या बागेचा पत्ता असतो.

आणि तुम्ही मार्च महिन्यात हातगाडीवरून घेता त्या द्राक्षांना? बागाईतदार मालाचे दोन भाग करतात, एक्स्पोर्टचा आणि लोकलचा. लोकलच्या मालाला पत्ता नसतो. बाग कदाचित तीच असेल, माणसं तीच असतील, पण ती वही आपल्यापर्यंत येत नाही. मला हे मान्य नाही. परदेशातल्या बाईला जे कळतं ते नाशिकच्या बाईला का कळू नये? पण ते कळत नाही याचं एक कारण आपणही आहोत. तिकडचा गिऱ्हाईक विचारतो म्हणून वही ठेवली जाते. आपण फक्त "गोड आहेत का?" विचारतो, म्हणून आपल्याला गोडीचं उत्तर मिळतं.

तेव्हा विचारायला लागा. पण कसं विचारायचं तेही सांगते, कारण "औषध मारलेलं नाही ना?" असं विचारलं की कोणीही "नाही हो ताई" म्हणणार. त्याऐवजी विचारा: कुठला माल? कधी तोडला? तुमच्या शेतातला की मार्केट यार्डातून आणलेला? नाशिकच्या बाजार समितीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा शेकड्यावर लिलाव होतो आणि रात्रीतून गाड्या मुंबईकडे निघतात. तुमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला तिथूनच माल उचलतो. त्याला शेत माहीत नसलं तर तो खोटारडा नव्हे, त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याच्यावर डाफरू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तिसऱ्या वेळी तो स्वतःहून सांगेल, "ताई, आज गिरणाऱ्याचे टोमॅटो आहेत." शेतकरी स्वतः विकायला बसला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: शेवटची फवारणी कधी झाली? प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते छापलेलं असतं आणि डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणावरून ते किती जहाल आहे ते कळतं. जो ते दिवस पाळतो तो अभिमानाने सांगतो. जो नजर चुकवतो त्याच्याकडून त्या दिवशी पालेभाजी घेऊ नका, एवढं पुरे.

सेंद्रियबद्दल माझं मत थोडक्यात सांगते. पाकिटबंद मालावर 'जैविक भारत'चं चिन्ह असेल तर त्यामागे प्रमाणीकरण आहे. नुसतं 'नैसर्गिक' किंवा 'गावरान' छापलेलं असेल तर त्या शब्दाला काही आधार नाही. थेट विकणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे चिन्ह नसलं तरी चालतं, तिथे त्याची आणि तुमची ओळख हाच दाखला. पगार मर्यादित असताना तिप्पट पैसे देऊन सगळी टोपली सेंद्रिय करण्याच्या मागे लागू नका. ते चार महिने चालतं, मग दमायला होतं आणि माणूस सगळंच सोडून देतो. भाजी हंगामातली घ्या, वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि वाचलेले पैसे एका जिन्नसावर लावा.

एकाच. माझा आग्रह तांदळाचा. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात आत्ता भाताची खाचरं हिरवीगार आहेत. कसारा घाटाकडे जाताना रेल्वेच्या खिडकीतून तुम्ही ती पाहिली असतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी होईल. डिसेंबरात एक रविवार काढा, मुलीला आणि सासूबाईंना घेऊन घोटीला जा. तिथे भाताच्या गिरण्या आहेत. इंद्रायणीचा ताजा तांदूळ मुठीत घेतला की वास लगेच कळतो. पण नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, हे ध्यानात ठेवा. पाणी कमी घाला किंवा थोडा जुना करून वापरा. वर्षाचा तांदूळ एकदम भरला तर किलोमागे स्वस्त पडतो. पैसे एकदम निघत नसतील तर जावेला नाहीतर शेजारणीला सोबत घ्या आणि पोतं वाटून घ्या. साठवायचा कसा, ऊन किती द्यायचं, कडुनिंबाचा पाला कधी घालायचा, हे मी सांगत नाही. ते तुमच्या घरात माहीत असलेलं माणूस आहे.

पुढच्या वर्षी दुसरा जिन्नस धरा. नागली म्हणा, भगर म्हणा. दहा वर्षांत दहा होतील.

आणि या पावसात एकदा पंचवटीत गोदाकाठी बुधवारच्या बाजाराला जा. पेठ-हरसूलकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. मागच्या बुधवारी एकीकडे करटुली होती, काटेरी, पोपटी, सागाच्या पानावर वाटे करून ठेवलेली. भाव विचारायच्या आधी मी विचारलं, "कुठली गं?" ती म्हणाली, "आमच्या रानातली. काल सांजच्याला तोडली, पहाटेच्या यष्टीनं आले." मग मी विचारलं, "बिया काढायच्या का?" तिने एक करटुलं नखाने चिरून दाखवलं. बी अजून पांढरी होती. "कवळी हाय, तशीच टाक. पिवळी झाली की काढायची." एवढं बोलणं झाल्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस करायला माझी जीभ उचलली नाही. याच बाया, यांचीच माणसं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणीला (घडातले जास्तीचे मणी काढायला) आणि डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जातात. पहाटे मजूर नाक्यावर उभी राहतात, पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून जातात. त्या एक्स्पोर्टच्या पेटीवर प्लॉटचा क्रमांक असतो, यांचं नाव कुठेच नसतं. मुलीच्या तक्त्यात 'कुठून आलं' याच्या पुढे 'कोणाच्या हातून आलं' असाही एक रकाना आखा. त्याची उत्तरं लवकर मिळणार नाहीत, पण रकाना असू द्या.

तुमच्या मिस्टरांना म्हणावं, हा विचार म्हणजे जेवताना करायची चिरफाड नव्हे. ताटावर बसल्यावर जेवावं, आणि चवीने जेवावं. विचार बाजारात करायचा. त्यांना रविवारी पिशवी घेऊन सोबत न्या आणि टोमॅटो कुठले हा प्रश्न त्यांनाच विचारायला लावा. पुरुषमाणसांना या चौकशीत एकदा गोडी लागली की ते यार्डापर्यंत जाऊन भाव काढून येतात. आमच्या घरी हे झालं आहे.

आता सासूबाई. तुमच्या पत्रातली हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "आमच्यावेळी हे विचारावं लागत नव्हतं" म्हणून त्या आत गेल्या, तो टोमणा नव्हता, ताई. ज्या बाईने तूर पेरली, काढली, लाल मातीचा हात देऊन वाळवली आणि जात्यावर भरडली, तिच्यासमोर नात तुरीपुढे 'मॉल' लिहीत होती. विकलेली जमीन माणसाच्या आत राहते. व्यवहार म्हणून ती विकणं बरोबर असेल, त्यावर मी काही म्हणत नाही. पण त्या जमिनीवर काय पिकायचं, हे घरात कोणी विचारलेलं नसावं असं मला पत्रावरून वाटलं. तुम्ही विचारू नका, तुम्हाला त्या मोजकंच सांगतील. मुलीला विचारू द्या. त्या लसूण सोलत असतील तेव्हाच तिला शेजारी बसवा, तिच्याही हातात चार पाकळ्या द्या. बियाणं कशात ठेवायचात? विहिरीला पाणी कुठपर्यंत असायचं? पहिली द्राक्षं कोणी लावली? हे असे, हाताने उत्तर देता येतील असे प्रश्न. तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना हवा: 'आजीकडे कुठून यायचं'. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी वावराचं नाव येईल. प्रत्येक वावराला नाव असतं. मळई, खळवाडी, चिंचेचं टुकडं, असं काहीतरी. ती नावं सातबाऱ्यावर असतीलच असं नाही, त्यांच्याजवळ मात्र आहेत. स्पेलिंगची काळजी न करता त्या सांगतील तशी मुलीला लिहून घ्यायला सांगा.

आणि प्रकल्प द्यायच्या दिवशी तुरीचा नाहीतर तेलाचा एखादा रकाना भरला नसेल, तर घाईघाईने तिथे 'किराणा दुकान' घालू नका. 'विचारलं, अजून कळलं नाही' असं लिहू द्या, आणि कोणाला विचारलं ते व तारीख पुढे टाकायला सांगा.